नाकतोड्याची गाडी

बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशी लेकीनं विचारलं, "आण्णा, आयचा फोटो कुठं हाय?"

तेराव्याला फोटो लागतो. पाटावर ठेवायचा, हार घालायचा, आला-गेला पाया पडतो. मी म्हणालो, असंल की कुठंतरी. मग आम्ही बापलेकीनं ट्रंका उपसल्या, फळीवरचे डबे खाली काढले, कणगीच्या मागं हात घालून बघितलं. पन्नासच्या वर सालं या घरात राबलेल्या बाईचा घरात एक फोटो नव्हता. लेकीच्या लग्नातला एक निघाला, त्यात ती पाठमोरी, वाढप करताना. शेवटी सरकारी कार्डावरचा मिळाला, नखाएवढा.

आणि आम्ही हे शोधत होतो त्याच सोप्यात, बरोबर डोक्यावर, हातभर लांबीचा फोटो काचेत लटकत होता. रेल्वेगाडीचा. गाडीपुढं पंधरा-वीस माणसं, त्यांत मी, आणि माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बाई, हातात नारळ. ती माझी बायको नव्हे. ती माझी थोरली वहिनी.

लेक वर बघून म्हणाली, "हितं थोरल्या आयच्या जागी आपली आय असती तर आज हुडकावं लागलं नसतं." तिनं सहज म्हटलं. मी तंबाखू मळायचं निमित्त करून बाहेर गेलो.

ते निमित्त संपलं, म्हणून लिहायला बसलोय. मी चौथीपर्यंत शिकलो, वळण चांगलं नाही. पण जे झालं ते मला सोडून आता कुणाला पुरतं माहीत नाही. दादा गेला, वहिनी गेली, आता हीपण गेली.

मी मुंबईत कारशेडला नोकरीला होतो. कारशेड म्हणजे विजेवरच्या गाड्यांचा गोठा. शहरात पळून पळून दमलेली गाडी तिथं येते. तिला धुतात, पुसतात, तेल देतात, ब्रेकचे झिजलेले ठोकळे बदलतात. रुळांच्या मधोमध माणूस उभा राहील एवढा खड्डा असतो. गाडी वर, आम्ही खाली. माझं काम मोटारीतले कार्बनचे तुकडे बदलायचं. ते झिजून त्यांची काळी भुकटी होते आणि ती सगळी खालच्या माणसाच्या अंगावर. लोक गाडी खिडकीकडून बघतात. मी पहिली पाच-सहा सालं ती पोटाकडूनच बघितली.

बायको गावाकडं होती. आमचं गाव कृष्णाकाठी, ताकारी स्टेशनपासून चालत तासाभराचं. घरात थोरला दादा, त्याची बायको म्हणजे वहिनी, माझी बायको आणि आमची लहान लेक. ऊस होता, दोन म्हसरं होती. मी वर्षातून तीनदा जायचो. यात्रेला, गणपतीला आणि दिवाळीला.

सत्तरनंतर दोन-तीन सालांत आमच्या शेडला नव्या जातीच्या गाड्या यायला लागल्या. जुन्यापेक्षा अंगानं हलक्या, पत्रा गुळगुळीत, नुसता इशारा दिला की पळायला लागायच्या. मी सुट्टीवर गेलो की बायको पहिलं तेच विचारायची. बाकीच्या बायका नवऱ्याला साडी आणली का, खाऊ आणला का विचारतात. ही म्हणायची, "नवी गाडी बगितली का? सांगा की."

आमच्या आळीत तेव्हा वीज नव्हती. खांब गावात आले होते, पण ते चावडीपर्यंत. घरात रॉकेलची चिमणी. त्यामुळं वरच्या तारेतनं गाडी वीज पिती, हे तिला काही केल्या पटायचं नाही. मग एकदा मी सारवलेल्या जमिनीवर कोळशानं गाडी काढली. टपावर लोखंडी हात असतो, घडीचा, शेडमध्ये त्याला पेंटो म्हणायचे. हवेच्या दाबानं तो वर उठतो, तारेला टेकतो, आणि वीज खाली मोटारीला येते. घडी कशी पडते ते मी काढून दाखवलं.

ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आवं, हे तर नाकतोड्याचं मागलं पाय."

"व्हय की."

"मग आसं सांगायचं. पेंटो काय, पेंटो."

तवापासून आमच्या घरात ती नाकतोड्याची गाडी झाली. माझ्या बोलण्यातनं तिनं ती सगळी पाठ केली. मोटारीचा डबा कुठला, बिनमोटारीचे कुठले, दाबाची हवा कशानं तयार होते. एकदा विचारलं, "आन चालवनारा मदीच मेला तर?"

मी सांगितलं, हँडल दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक आपोआप लागतात, गाडी थांबते.

"बरं हाय," ती म्हणाली. "मानूस गेल्यालं गाडीला तर कळतं."

आता आमच्या शेडची एक रीत होती. खंडेनवमीला आपल्याकडं औतं-अवजारं पुजतात तशी तिथं गाडी पुजायची. नवी गाडी आली असेल तर ती ज्याच्या खड्ड्यावर पहिल्यांदा घेतली, त्या माणसानं जोडीनं पूजा करायची. बायकोनं गाडीला हळदकुंकू लावून ओवाळायचं, नवऱ्यानं नारळ वाढवायचा. मग सगळ्यांच्या घरच्या माणसांना रिकाम्या गाडीत बसवून शेडच्या टोकापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. त्या साली नवी गाडी माझ्या खड्ड्यावर आली. साहेब म्हणाले, "गावाकडून बायकोला घेऊन ये."

रेल्वेच्या माणसाला पास मिळतो. त्याच्या नावाचा आणि बायकोचा. मी गणपतीला घरी गेलो तेव्हा पास खिशात होता. बायकोला सांगितलं, "तू ववाळनार हायस गाडीला."

ती दुसऱ्या दिवशी शेजारणीबरोबर सांगलीला बाजाराला गेली आणि हिरवं इरकल लुगडं घेऊन आली, लाल काठाचं. तिनं आयुष्यात स्वतः निवडून घेतलेलं ते पहिलं लुगडं.

गणपती गेले त्या दिवशी आम्ही सोप्यात जेवत होतो. दादानं पास मागितला, उलटासुलटा करून बघितला. त्याला अक्षर येत नव्हतं. म्हणाला, "दोन मानसांचा हाय न्हवं?"

"व्हय."

"मग थोरलीला ने. तिनं कुठं काय बगितलंय? धाकटी काय, जाईल फुडल्या साली."

आमच्या घराची रीतच ती. पहिलं लुगडं थोरलीला, पहिली भाकरी थोरलीला, यात्रेला देवीची ओटी पहिली थोरलीनं भरायची. दादानं काही वाईट मनानं सांगितलं नाही. आई-बाप लवकर गेले, त्यानंच मला वाढवलं. त्याला वाटलं, पास म्हणजे एस्टीच्या तिकिटासारखं, घरातलं कोणीपण बसावं.

वहिनी चुलीकडनं म्हणाली, "मला कशाला? घट बसनार, नऊ दिस घरात कोन बगनार?"

दादा म्हणाला, "धाकटी बगंल."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. पासावर बायकोच लागते, दुसरं कोणी चालत नाही. एवढं म्हटलं असतं तर दादा लगेच म्हणाला असता, मग तिलाच ने. तो अडणारा माणूस नव्हता. वाक्य माझ्या जिभेवर होतं. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी भातावर ताक ओतून घेतलं.

आजवर मी स्वतःला सांगत आलो, दादाचा मान राखला. ते खोटं आहे. माझ्या बायकोला कोड होतं. लेक झाल्यावर सुरू झालं. आधी हातावर, मग ओठांवर आणि डाव्या डोळ्याभोवती. गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, रोजचं होतं. पण शेडमध्ये मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेडबाहेर चहाची गाडी होती, तिथं एकदा भांडी धुवायला एक बाई लागली, तिच्या हाताला कोड. माझ्याबरोबरच्या एकानं कप तसाच ठेवला आणि उठून पलीकडच्या गाडीवर गेला. बाकीचे पण गेले. मी पण कप ठेवला आणि गेलो. माझ्या घरात तसल्याच हातची भाकरी मी खात होतो, आणि मी उठून गेलो.

तर दादानं थोरलीला ने म्हटल्यावर मला बरं वाटलं. वहिनी गोरी, अंगानं भरलेली, बोलायला गोड. सगळ्यांसमोर गाडीला ओवाळायला ती शोभणार होती. सुटलो असं वाटलं मला. हे कुणापाशी कधी बोललो नाही.

नवरात्रात मी वहिनीला न्यायला परत आलो. निघायच्या दिवशी बायकोनं ते हिरवं लुगडं वहिनीच्या हातात दिलं. "आक्का, नवं हाय, हेच नेसा. गाडीपुढं चांगलं दिसंल." वहिनी नको नको म्हणत होती. हिनं तिच्या पिशवीत कोंबलं. मला म्हणाली, "आक्काला नाकतोडा उटताना दावा. तेवढं इसरू नगासा."

पुण्याच्या अलीकडं तिकीट तपासणारा आला. पास बघितला, माझ्याकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं. "ह्या मिसेस का?"

"व्हय," मी म्हणालो.

वहिनीला मिसेस म्हणजे काय ते कळलं नसावं, पण माझ्या आवाजावरून काहीतरी कळलं. तिनं पदर पुढं ओढला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी बारा वर्षांचा असताना तिनं मला न्हाऊ घातलं होतं.

शेडमध्ये झेंडूच्या माळा लावल्या होत्या. गाडीच्या नाकावर केळीचे खुंट बांधले होते. साहेबांनी सगळ्यांना ओळी करून उभं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "या वहिनी, पुढं या, जोडीनं उभे राहा." वहिनी माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघायचं टाळलं. हळूच म्हणालो, "वयनी, ववाळा. आता काय बोलू नगा."

तिनं ओवाळलं. तबकातला दिवा दोनदा विझला. लोकांना वाटलं, गावाकडची बाई, बुजली. मी नारळ वाढवायच्या आधी फोटोवाला म्हणाला, थांबा, नारळ बाईंच्या हातात द्या. म्हणून फोटोत नारळ तिच्या हातात आहे. पुढं दोघांनी एक पाटी धरली होती. तिच्यावर रंगानं लिहिलं होतं: नवीन गाडीचे पूजन, कर्मचारी सपत्नीक.

मग गाडीत बसवलं. रिकामी नवी गाडी, रंगाचा वास, वरच्या लोखंडी कड्या एका तालात हलणाऱ्या. पेंटो वर उठला तेव्हा मी वहिनीला बोट करून दाखवलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. शेडच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत तिनं ते उघडले नाहीत.

परतीच्या गाडीत सातारा स्टेशन मागं पडलं, तशी वहिनी बोलली.

"भावजी, त्यांनी मला तुमची मालकीन म्हनून उबं केलं. तुमी चकार शबूद काडला न्हाई."

"पास जातो, वयनी. नोकरी जाती."

"मग आनलं कशाला? घरात सांगायचं हुतं, बायकूच लागती म्हनून. ह्यांनी काय तुमाला फाशी दिली असती?"

मी पासाची घडी करून खिशात घातली. कराडच्या जवळ म्हणाली, "धाकटीला ह्यातलं कळलं तर मला तोंड दावाय जागा न्हाई ऱ्हानार. मी बोलायची न्हाई. तुमी बी बोलू नगा."

असं आम्ही दोघांनी ठरवलं. तिनं लाजेनं ठरवलं, मी सोयीनं.

घरी आलो तर बायको अंगणात. पायावर पाणी घालायच्या आधीच विचारलं, "आक्का, नाकतोडा उटला का?"

"कसला गं नाकतोडा?"

"आता गं बया. डोळं मिटून बसला हुता का काय?" आणि ती इतकी हसली की म्हैस बुजली. वहिनीला हसू आलं नाही. तिनं पिशवीतनं झेंडूची माळ काढली, गाडीवरची, सुकत आलेली, आणि हिच्या ओटीत घातली. "तुज्या गाडीची हाय," म्हणाली आणि आत गेली. ती माळ दिवाळीपर्यंत आमच्या दाराला होती.

फोटोच्या प्रती शेडनं सगळ्यांना दिल्या. मी माझी ट्रंकेच्या तळाला कागदाखाली ठेवली. दिवाळीला घरी आलो तेव्हा दादा दाढीचं पातं हुडकत होता, त्यानं ट्रंक उघडली. फोटोत त्याची बायको अशी सजून गाडीपुढं उभी, आजूबाजूला साहेब. दादाला आभाळ ठेंगणं झालं. मी काही म्हणायच्या आत तासगावला जाऊन काचेत बसवून आणला आणि सोप्यात खिळा ठोकला. पाटीवरचं त्याला वाचता येत नव्हतं. बायकोला येत नव्हतं, वहिनीला येत नव्हतं. मला येत होतं.

आता कोणी विचारील, मग पुढच्या साली तिला का नेलं नाही? कारण त्याच फोटोची एक प्रत शेडच्या कचेरीत भिंतीवर लागली होती. पास लिहिणारा कारकून रोज तिच्याखाली बसायचा. माझी बायको कशी दिसते ते सगळ्या शेडला माहीत झालं होतं. खरीला घेऊन गेलो असतो तर पहिली कोण, हे विचारलं असतं, आणि खोट्या पासावर नोकरी जाते. एकदा तिच्या जागी दुसरी उभी केली आणि तिची जागा कायमची गेली. दर साली मी काहीतरी कारण सांगितलं. साहेब बदलला. रजा नाही. म्हैस व्यायला झाली. ती दर साली म्हणायची, "असूं दे. फुडल्या साली." वहिनीनं परत दिलेलं हिरवं लुगडं तिनं कधीच नेसलं नाही. ते गाडीसाठी ठेवलं होतं.

तरी तिची हौस गेली नाही. सोप्यात पाहुणे आले की फोटो बघायचे. दादा वहिनीला म्हणायचा, सांग की गं कशी हुती गाडी. वहिनी म्हणायची, "हुती आपली. लांबच्या लांब." तर ही चुलीकडनं ओरडून सांगायची, "टपावर बगा, नाकतोडा बसल्याला हाय. गाडी निजलीया फोटूत. तो उटला की मग ती जागी." पाहुणे विचारायचे, ही गेली होती का? दादा म्हणायचा, नाही, ही घरात बसून सांगती. सगळे हसायचे. तीपण हसायची.

त्या दशकाच्या शेवटी गावात मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायचे वर्ग निघाले. दिवेलागणीला मारुतीच्या देवळात. आमच्या आळीचीच एक शिकलेली पोरगी शिकवायची. बायको जायला लागली. पाटी-पेन्सिल पदराखाली लपवून न्यायची, पण शिकली झपाझपा. साबणाचा कागद वाच, खताचं पोतं वाच, एस्टीची पाटी वाच. मी यात्रेला आलो तेव्हा मला म्हणाली, "तुमच्या चिठ्ठ्या आता मीच वाचनार. उगा त्या पोस्टमनाला ऐकवायला नगं."

एका दुपारी मी सोप्यात दाढी करत होतो. घरात आम्ही दोघंच. ती फोटोची काच पदरानं पुसत होती, रोज पुसायची तशी. पुसता पुसता थांबली.

"न-वी-न. गा-डी-चे. पू-ज-न."

माझ्या हातात वस्तारा होता.

"क-र... क-र्म-चा-री." जोडाक्षर सुटलं म्हणून ती खूश झाली. मग पुढचं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आलं. "स-प-त्नी-क. आवं, सपत्नीक म्हंजी काय?"

मी आरशात बघत म्हणालो, "घरच्या मानसांसंगट."

"आस्सं," ती म्हणाली, आणि काच पुसून झाली.

दुसऱ्या दिवशी विहिरीजवळ ती शिकवणारी पोरगी भेटली. कौतुकानं म्हणाली, "मामा, मामी लई हुशार हायत. काल मला सपत्नीकचा अर्थ विचारला. मी म्हटलं, बायकोसोबत. फळ्यावर वाक्य बी करून दावलं."

मी घरी आलो. आता भांडण होणार, रडणार, दादापर्यंत जाणार, असं धरून आलो. ती भाकरी थापत होती. मला ताट दिलं. वहिनी आली, तिलाही दिलं, नेहमीसारखं स्वतःच्या आधी. वहिनी काही बोलली, त्याला उत्तर दिलं. काही झालं नाही.

फक्त त्या दिवसापासून ती वर्गाला गेली नाही. पोरगी बोलवायला आली तर म्हणाली, रानात काम हाय. आणि त्या दिवसापासून तिनं मला गाडीचं कधी विचारलं नाही. मीच काढायचो. अजून नव्या जातीच्या आल्यात, आतली बाकडी अशी हायत, तशी हायत. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आमटीत मीट बगा." पाहुणे आले, फोटोची गोष्ट निघाली, की चुलीकडनं आवाज यायचा नाही. दादा म्हणायचा, सांग की गं नाकतोड्याचं. ती म्हणायची, "मला काय ठावं? मी कुठं बगितलीया?"

काच मात्र रोज पुसायची.

मी रिटायर होऊन गावी आलो. शेडचा संबंध संपला, पासाचं भय संपलं. एकदा सोप्यात बसलो होतो, म्हणालो, "चल, एकदा जाऊन यिऊ. तुला गाडी दावतो." ती डाळ वाळत घालत होती. वर न बघता म्हणाली, "आता कशाला? तवा मी आले असते तर फोटूत माजं कोड आलं असतं. आक्का गेल्या ते बरं झालं. फोटू चांगला आला."

रागानं म्हणाली नाही. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाली. म्हणजे तिला नुसतं पासाचंच कळलं होतं असं नाही. त्याच्या मागचंपण कळलं होतं. मी जेवताना भातावर ताक ओतून घेतलं तेव्हाच कळलं असेल. ती दारातच उभी होती.

मी म्हणालो, "आसं काय न्हवतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "डाळ राखा, कोंबड्या येत्यात," आणि आत गेली.

चुकलं म्हणायला तेव्हा काय लागत होतं? दादा तोवर गेला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत बसलो. त्यानंतर वीस वर्षं ती माझ्याबरोबर राहिली. रोज एकदा तरी त्या फोटोखालनं गेली. लावल्यापासून मी तो कधी खाली उतरवला नाही. आधी दादाला वाईट वाटेल म्हणून, मग वहिनीला, मग दोघं गेल्यावर सवय झाली म्हणून. आणि चुकलं असं मी म्हटलं नाही. ती दवाखान्यात आठ दिवस होती, तेव्हापण म्हटलं नाही. नवव्या दिवशी म्हणणार होतो, असं आता स्वतःला सांगतो. त्यावर माझा विश्वास नाही.

तर लेकीनं कार्डावरचा फोटो दिला आणि मी तासगावला स्टुडिओत गेलो. तो म्हणाला, कॉम्प्युटरवर मोठा करतो, संध्याकाळी या. संध्याकाळी गेलो. त्यानं काच बसवून तयार ठेवला होता. मी बघितलं आणि म्हणालो, "हे माजं न्हवं. दुसऱ्याचं दिलंस."

"तुमचंच आहे, आजोबा. कार्डावरचंच. चेहऱ्यावर डाग होते, तेवढे काढले. बघा, किती छान झालंय."

ओठ एकसारखे, डोळ्याभोवती एकसारखं, गोरी केली होती थोडी. कुणीतरी चांगल्या घरची बाई होती.

"डाग परत घाल."

"आजोबा, लोक उलट काढून घ्यायला येतात. मी त्याचं वेगळं काही मागत नाही."

"तू घाल."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग मूळचा काढला आणि पुन्हा छापायला बसला. मध्येच म्हणाला, "साडी बदलायची का? कुठलीपण घालता येते, कुठल्यापण रंगाची."

माझ्या तोंडात आलं होतं, हिरवी इरकल घाल, लाल काठाची. वहिनीच्या अंगावर फोटोत ते लुगडं काळं दिसतं, हिरवं आहे हे आता मला एकट्यालाच माहीत आहे. पण म्हणालो नाही. कार्डाच्या दिवशी ती जे पातळ नेसून गेली होती तेच राहू दिलं.

तेराव्याला माणसं आली. लेकीच्या सासरची विट्याची मंडळी आली. फोटो पाटावर ठेवला, हार घातला. लेकीची सासू पाया पडून उठली, जवळ येऊन हळूच म्हणाली, "आण्णा, फोटू झ्याक झालाय. डाग तेवढं काडून घ्यायचं हुतं. आता काडत्यात म्हनं."

मी म्हणालो, "एकदा काडलं हुतं."

तिला वाटलं, स्टुडिओतलं बोलतोय. मी उठलो, सोप्यातल्या खिळ्यावरनं गाडीचा फोटो उतरवला, तिच्यासमोर मांडीवर धरला आणि पाटीवर बोट ठेवून सांगायला लागलो. लेक पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातच थांबली.